एका थेंबाचा तिसरा हिस्सा

ऑगस्ट १८८८. जर्मनीतल्या मानहाइम शहरातून बेर्टा बेन्झ ही बाई पहाटेच आपल्या दोन मुलांना घेऊन घराबाहेर पडली. नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेन्झने, बनवलेली तीनचाकी मोटार तिने त्याला न सांगता बाहेर काढली होती. जायचे होते माहेरी, फोर्त्सहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. तोवर इतक्या लांब कुणीही मोटार नेलेली नव्हती. वाटेत इंधन संपत आले तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचे, कपड्यांवरचे डाग काढायचे द्रव विकत घेतले. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ते दुकान आजही दाखवले जाते. पुढे कुठेतरी इंधनाची नळी तुंबली. बेर्टाने टोपीला लावलेली लांब पिन काढली, नळीत घालून कचरा मोकळा केला, आणि गाडी पुन्हा चालू झाली.

मोटारीच्या त्या पहिल्या लांब प्रवासाला इंधनाने असे दोनदा अडवले. एकदा ते संपले म्हणून आणि एकदा ते पुढे सरकेना म्हणून. त्या घटनेला सव्वाशेहून जास्त वर्षे झाली. टाकीपासून इंजिनापर्यंतची वाट जेमतेम चार-पाच मीटरची, पण तेवढ्या वाटेवर मोटारशास्त्रातली काही सर्वांत नाजूक कारागिरी उभी राहिली आहे. आपण पंपावर टाकी भरतो, पैसे देतो आणि निघतो. त्यानंतर त्या इंधनाचे काय होते, हे प्रत्येक गाडीवाल्याने एकदा तरी समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. कारण ही यंत्रणा दोनच गोष्टींवर जगते: अचूक माप आणि स्वच्छता. माप इंजिनिअरांनी सांभाळले आहे. स्वच्छता बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

हवा किती, पेट्रोल किती

द्रवरूप पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत योग्य प्रमाणात मिसळली तरच. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम धरले, तर त्याला जवळजवळ ११ किलो हवा लागते. हवा हलकी असल्यामुळे तिचे आकारमान होते सुमारे ९,००० लिटर. दहा बाय दहा फुटांच्या आणि तेवढ्याच उंचीच्या खोलीतली सगळी हवा तीन लिटर पेट्रोलमध्ये संपते. गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण इंजिनात वजनाने सर्वांत जास्त जाते ती हवाच.

या प्रमाणात पेट्रोल जास्त झाले की मिश्रण 'रिच' झाले असे मेकॅनिक म्हणतात, कमी झाले की 'लीन'. रिच मिश्रणात काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते, मायलेज घसरते. लीन मिश्रणात गाडी गचके खाते, पिकअप घेत नाही, ठिणगी पडूनही एखादा सिलिंडर जळायचा राहतो, म्हणजे गाडी 'मिसिंग' मारते. चढावर पूर्ण जोर हवा असेल तर मिश्रण थोडे रिच लागते. थंडीच्या सकाळी, धातू गार असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून तेव्हाही ते जास्त द्यावे लागते. म्हणजे हे माप स्थिर नाही, क्षणाक्षणाला बदलणारे आहे.

आणि ते किती बारीक आहे? एक साधा हिशेब करून पाहू. चार सिलिंडरची एक गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि लिटरला १५ किलोमीटर देते. तासाला ४ लिटर पेट्रोल, म्हणजे सेकंदाला सुमारे १.१ मिलिलिटर. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर चारही सिलिंडर मिळून सेकंदाला सुमारे ६७ वेळा पेट्रोल घेतात, कारण प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच ते लागते. भागाकार केला की एका वेळचा वाटा येतो ०.०१७ मिलिलिटरच्या आसपास. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर हा वाटा झाला थेंबाचा तिसरा हिस्सा. सेकंदाला ६७ वेळा, तासन्‌तास, प्रत्येक वेळी मोजून, हे काम कुरकुर न करता चालू असते.

कार्बोरेटरचे शतक

बेर्टाच्या गाडीत हे माप ओबडधोबड होते. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा जायची आणि जाताना वाफ घेऊन जायची, एवढेच. १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखने पेट्रोलची बारीक फवार उडवणारा कार्बोरेटर पुढे आणला. त्याच वर्षी हंगेरीत डोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही स्वतंत्रपणे तसाच कार्बोरेटर केला.

त्यामागचे तत्त्व त्याहून जुने. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की त्याचा दाब उतरतो, हे डॅनिएल बर्नोलीने १७३८ मध्ये मांडले. इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरीने १७९७ मध्ये मधेच अरुंद होणाऱ्या नळीतल्या प्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्बोरेटरच्या पोटात अशीच एक अरुंद गळ्याची नळी असते. इंजिन हवा ओढते, गळ्यात हवेचा वेग वाढतो, तिथला दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल 'जेट' नावाच्या बारीक भोकातून आपोआप वर ओढले जाऊन हवेत फवारले जाते. हवा जास्त ओढली की पेट्रोलही जास्त येते. वाटीतली पातळी एक तरंगता फ्लोट सांभाळतो, घरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. विजेची तार नाही, संगणक नाही, फक्त हवेच्या ओढीवर चालणारे हे माप मोटारीला शंभर वर्षे पुरले.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी याच काळातल्या. त्यांच्या इंजिनाला चिकटलेला पडद्याचा पंप टाकीतले पेट्रोल ओढून आणायचा. मे महिन्यात घाट चढताना गाडी मधेच बंद पडायची, आणि अनुभवी चालक बॉनेट उघडून त्या पंपावर ओले फडके ठेवायचा. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी चालू. यात जादू नव्हती. पेट्रोलचे हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. त्यात पंप ओढून घेणारा, म्हणजे नळीतला दाब आणखी कमी, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. तापलेल्या नळीत वाफेचा बुडबुडा धरायचा, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसायचा. ओल्या फडक्याने पंप गार झाला की वाफेचे पुन्हा पेट्रोल व्हायचे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. ते फडके मात्र त्याआधीच इतिहासजमा झाले होते, कारण नव्या गाड्यांत पंपाने आपली जागा बदलली होती.

टाकीच्या पोटात

आजच्या मोटारीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडलेला असतो. विजेवर चालणारा हा छोटा पंप पेट्रोल मागून ढकलतो. नळीत सुमारे ३ ते ४ बार दाब राहतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण दीडपट. दाबाखालचे पेट्रोल सहजासहजी उकळत नाही, म्हणून वाफ धरण्याचा जुना त्रास जवळपास मिटला.

पेट्रोलमध्ये बुडलेला विजेचा पंप ऐकून भीती वाटते. पण आग लागायला हवा लागते, आणि पंपाच्या आत पेट्रोलच भरलेले असते, हवा नसते. उलट भोवतालचे पेट्रोल पंपाला थंड ठेवते आणि त्याच्या फिरत्या भागांना वंगणही पुरवते. पंपाच्या तोंडाशी जाळीचा गाळणा असतो, बाजूला फ्लोटवर चालणारा पेट्रोलचा काटा, आणि भोवती एक छोटे वाडगे. घाटातल्या वळणावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला गेले तरी वाडग्यातले पेट्रोल जागेवर राहते आणि पंपाला हवा ओढावी लागत नाही. दाब ठरलेल्या आकड्यावर ठेवायला रेग्युलेटर असतो, जास्तीचे पेट्रोल तो परत टाकीत सोडतो.

किल्ली फिरवून लगेच स्टार्टर न मारता क्षणभर थांबले, तर मागच्या सीटखालून बारीक गुणगुण ऐकू येते. दोनेक सेकंद चालते आणि थांबते. तो पंप नळीत दाब भरत असतो. इंजिन फिरू लागले नाही, तर ईसीयू म्हणजे गाडीचा संगणक पंप बंद करतो. अपघातात इंजिन थांबले किंवा एअरबॅग उघडली की पंपही थांबावा, म्हणून ही सोय.

टाकी ओतप्रोत भरायची नसते, त्यालाही कारण आहे. पेट्रोल दर अंशाला सुमारे एक हजारांश भागाने प्रसरण पावते. जमिनीखालच्या गार टाकीतून भरलेले ४० लिटर पेट्रोल उन्हात २० अंशांनी तापले, तर ते जवळपास पाऊण लिटरने वाढते. त्यासाठी वर मोकळी जागा हवी. शिवाय टाकीत साठणारी वाफ हवेत सोडायची नाही, म्हणून ती कोळशाच्या डब्यात नेली जाते. डब्यातला सच्छिद्र कोळसा वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू झाल्यावर ती ओढून जाळली जाते. पंपावरच्या माणसाला आपण आकडा गोल करायला आणखी थोडे टाकायला सांगतो, तेव्हा द्रव पेट्रोल या वाफेच्या वाटेत शिरून तो डबा निकामी होऊ शकतो. नोझल आपोआप बंद पडली की थांबावे. ती बंद पडते तेही व्हेंचुरीच्याच तत्त्वावर: नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असते, त्यातून सतत हवा ओढली जात असते, आणि पेट्रोलची पातळी त्या भोकापर्यंत पोचली की ओढ बदलून झडप मिटते. कार्बोरेटर मोटारीतून गेला, पण त्याचे शास्त्र पेट्रोल पंपावर रोज आपल्या हाताशी आहे.

उलटे घटिकापात्र

टाकीतून निघालेले पेट्रोल फिल्टरमधून, गाडीच्या पोटाखालच्या नळीतून इंजिनावरच्या एका दांड्यासारख्या पोकळ नळीत पोचते. तिला रेल म्हणतात. रेलवर प्रत्येक सिलिंडरसाठी एक इंजेक्टर बसवलेला असतो.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी चिमुकली झडप. आत तारेचे वेटोळे, त्याखाली स्प्रिंगने दाबून धरलेली सुई. वीज आली की चुंबकत्वाने सुई जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी उचलली जाते आणि बारीक भोकांतून पेट्रोलचे धुके बाहेर पडते. वीज गेली की सुई बसते. इंजिन जागेवर धडधडत असताना झडप एका वेळी दोन-तीन मिलिसेकंद उघडी राहते.

लग्नाच्या मुहूर्तासाठी पूर्वी घटिकापात्र वापरत. भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. भोक ठरलेले, म्हणून पाण्यावरून वेळ मोजता यायचा. इंजेक्टर हाच व्यवहार उलटा करतो. भोक ठरलेले, दाब ठरलेला, म्हणून झडप किती वेळ उघडी ठेवली यावरून इंधन मोजले जाते. वेळ दुप्पट, पेट्रोल जवळपास दुप्पट. द्रव मोजायचा अवघड प्रश्न वेळ मोजण्याच्या सोप्या प्रश्नात बदलला गेला, आणि वेळ मोजण्यात संगणकाचा हात कुणी धरू शकत नाही. या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत सुंदर कल्पना मला हीच वाटते.

पेट्रोल दाबाने फवारण्याची यांत्रिक पद्धत १९५४ च्या मर्सिडीझ ३०० एसएल या गाडीत होतीच. इलेक्ट्रॉनिक पद्धत मोठ्या प्रमाणावर आली ती १९६७ मध्ये, बॉश कंपनीच्या डी-जेट्रॉनिकमधून, फोक्सवागनच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० कार्बोरेटरवरच धावत होती. २००० च्या सुमारास गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' अशी अक्षरे झळकू लागली. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर, असा त्यांचा अर्थ. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकली-स्कूटरनीही कार्बोरेटरचा निरोप घेतला.

धुराकडून आलेला निरोप

झडप किती वेळ उघडायची, हे ईसीयू ठरवते. किती हवा आत येते आहे हे एक सेन्सर सांगतो, इंजिन किती गरम आहे हे दुसरा, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे हे तिसरा, आणि पिस्टन नेमका कुठे आहे हे क्रँकशाफ्टजवळचा चौथा. पूर्वी थंडीत चोक ओढावा लागे. आता पाण्याचे तापमान पाहून ईसीयू स्वतःच मिश्रण रिच करते.

पण दिलेले माप बरोबर होते का, हे कळायचे कसे? त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. १९७६ मध्ये तो प्रथम व्होल्वोच्या अमेरिकेतल्या गाड्यांत आला. धुरात प्राणवायू उरला असेल तर मिश्रण लीन होते, उरला नसेल तर रिच. झिरकोनिया या पदार्थाचा हा सेन्सर तापल्यावर त्यानुसार सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टपर्यंत वीज देतो. ईसीयू ती वाचून पुढच्या फवाऱ्याची वेळ किंचित वाढवते वा घटवते. ही देवाणघेवाण अखंड चालते. इंजेक्टर थोडा तुंबला, हवेचा फिल्टर मळला, तरी ईसीयू काही काळ ते सांभाळून घेते आणि केलेली दुरुस्ती लक्षातही ठेवते.

या अचूकतेची गरज निर्माण झाली ती धूर स्वच्छ करण्यासाठी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायूंचे रूपांतर करतो, पण मिश्रण १४.७ च्या अगदी जवळ असेल तरच. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. कार्बोरेटर इंजिन चालवण्यात कमी पडला नव्हता. श्वास घेण्याजोगी हवा शिल्लक ठेवायची तर त्याहून काटेकोर माप लागणार होते.

डिझेलचे जग वेगळे

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे सोळा पट दाबली जाते, त्याने ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इतक्या दाबाच्या हवेत इंधन घुसवायचे तर त्याहून कितीतरी जास्त दाब लागतो. १९२७ मध्ये बॉशने डिझेल पंपांचे मोठे उत्पादन सुरू केले आणि ट्रक-ट्रॅक्टरांना डिझेल खुले झाले. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत बॉशची कॉमन रेल पद्धत १,३५० बार दाबाने आली. आज हा दाब २,००० बार किंवा त्याहून वर जातो. समुद्रात दर दहा मीटर खोलीला एक बार दाब वाढतो. जगातला सर्वांत खोल समुद्र सुमारे ११ किलोमीटरचा, म्हणजे १,१०० बार. पूर्ण जोरात चाललेल्या डिझेल गाडीच्या रेलमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट दाब असतो.

हे डिझेल केसाच्या जाडीएवढ्या भोकांतून उडते, आणि एका फवाऱ्याऐवजी एकापाठोपाठ अनेक छोटे फवारे दिले जातात. आधी अगदी थोडे, मग मुख्य. त्यामुळे जुन्या डिझेलचा खडखडाट कमी झाला. नोझलची सुई आणि तिची वाट यांत फट राहते ती मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांत मोजण्याइतकी. नाशिकचा मायको सर्कल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तिथल्या कारखान्याचेही नाव ठाऊक असेल. पूर्वीची मायको, आताची बॉश, तिथे डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनवत आली आहे. कित्येक मराठी कामगारांनी या सूक्ष्म मापावर उभे आयुष्य काढले आहे.

अशा यंत्राला पाणी आणि धूळ विषासारखी. डिझेल फिल्टरमध्ये पाणी वेगळे करण्याची सोय असते, आणि पाणी साठले की डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा दुर्लक्षून केलेला प्रवास पंप आणि इंजेक्टरच्या मुळावर येतो. तसेच, डिझेल स्वतःच पंपाचे वंगण असते. चुकून पेट्रोल भरले तर गाडी सुरू करू नये, किल्लीही फिरवू नये. आधी टाकी रिकामी करून घ्यावी. हा एक नियम पाळला तर फार मोठा खर्च टळतो.

ऊस, इथेनॉल आणि पाणी

महाराष्ट्राच्या उसाचा या यंत्रणेशी आता थेट संबंध आला आहे. साखर कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २० टक्के इथेनॉलचे ई-२० पेट्रोल २०२३ पासून मिळू लागले आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले.

इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते: किलोला सुमारे ९ किलो. त्यामुळे ई-२० चे योग्य प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते, आणि तेवढीच हवा वापरायची तर इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडावा लागतो. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे स्वतः जमवून घेते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला ते जमत नाही, तिचा जेट ठरलेला असतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून मायलेज थोडे उतरते. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या धाटणीच्या रबराला सैल करू शकते वा चिरा पाडू शकते. पाणी फार झाले तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, आणि पंपाचे तोंड तळाशीच असते. म्हणून जुनी गाडी असेल तर रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यावेत, आणि पावसाळ्यात कुठलीही गाडी अर्धी रिकामी टाकी घेऊन महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

निगा कशी राखावी

टाकी किमान पाव भरलेली ठेवावी. काटा खाली गेला की तळाचा गाळ ओढला जातो, असे सांगितले जाते, पण पंप नेहमी तळाकडूनच ओढत असतो. खरे नुकसान वेगळे आहे. पेट्रोल कमी झाले की पंप उघडा पडतो, तापतो, चढावर हवा ओढतो आणि त्याचे आयुष्य घटते. सीएनजीवर गाडी चालवणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावे. बऱ्याच सीएनजी गाड्या थंड असताना पेट्रोलवरच सुरू होतात, म्हणून थोडे ताजे पेट्रोल टाकीत असायलाच हवे.

फिल्टर वेळेवर बदलावा. किती किलोमीटरनंतर, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीतल्या पंपासोबतच असतो आणि सारखा बदलावा लागत नाही, पण डिझेल फिल्टरला उशीर चालत नाही. हवेचा फिल्टरही या यंत्रणेचाच भाग समजावा, कारण मापाच्या समीकरणात हवा निम्म्याहून जास्त आहे. टाकीचे झाकण नीट बसते का, त्याचे रबर फाटले आहे का, हे भरताना पाहावे. झाकण सैल असले की वाफ निसटते, पावसाचे पाणी शिरते आणि काही गाड्यांत 'चेक इंजिन'चा दिवाही लागतो.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचते, ही समजूत कार्बोरेटरच्या काळातली आहे. आजची गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की चाकेच इंजिन फिरवतात आणि ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करते, पेट्रोलचा खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावेच लागते. वर इंजिनाचा अटकावही जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. घाटात गिअर सोडू नये.

बिघाड ओळखताना

किल्ली फिरवल्यावर गुणगुण ऐकू येत नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले तपासावा, मग पंपाला दोष द्यावा. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागत असेल, तर रात्रीत नळीतला दाब उतरत असण्याची शक्यता असते. चढावर किंवा वेगात जोर कमी पडतो आणि सपाटीवर गाडी ठीक चालते, तर फिल्टर तुंबला असेल किंवा पंप थकला असेल. जागेवर उभी असताना धडधड अनियमित असेल, तर इंजेक्टर, प्लग आणि हवेची गळती तिन्ही पाहावे. काळा धूर आणि घसरलेले मायलेज रिच मिश्रणाकडे बोट दाखवतात. चांगला मेकॅनिक आधी स्कॅनर लावतो आणि ईसीयू किती भर घालते आहे हे वाचतो. संगणकाची दुरुस्ती शून्यापासून बरीच दूर गेली असेल, तर बिघाड आत दडलेला असतो. त्यानंतर गेज लावून दाब मोजावा. अंदाजाने इंजेक्टर किंवा पंप बदलणे हा खिशाला भुर्दंड आहे.

एका बाबतीत मात्र थांबायचे नाही. गाडीत किंवा गाडीखाली पेट्रोलचा वास आला तर गाडी लगेच बंद करावी, सर्वांना उतरवावे आणि मग कुठल्याही स्विचला हात लावू नये. पेट्रोल उणे ४० अंशांच्याही खाली पेट घेण्याजोगी वाफ देते. ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली, गॅरेजच्या खड्ड्यात साठते. इंधनाची नळी सोडवण्यापूर्वी इंजिन थंड हवे, दाब उतरवलेला हवा, बॅटरीची ऋण तार काढलेली हवी आणि अग्निशामक हाताशी हवा. डिझेलच्या रेलची गळती बोटाने चाचपायची तर कधीच नाही. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येऊ शकते. अशी इजा झाली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

बेर्टा बेन्झला टोपीची पिन पुरली, कारण तिच्या गाडीची नळी पिनेएवढी रुंद होती. आजच्या इंजेक्टरच्या भोकात पिन जाणारही नाही, आणि जायला हवी असा प्रसंग येऊही देऊ नये. तेव्हा उद्या सकाळी गाडी काढताना एवढे करा. किल्ली फिरवा, दोन सेकंद थांबा आणि मागून येणारी ती गुणगुण ऐका. मग गाडीच्या पुस्तिकेत फिल्टर बदलण्याचा आकडा शोधा आणि मीटरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. तो आकडा ओलांडला असेल, तर याच आठवड्यात फिल्टर बदलून घ्या.